शब्दचर्चा: 'ट्रान्सफॉर्म' नक्की कोण होतं, जिवाणू की प्लाझ्मिड?

पेट्रीबशी:
२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमच्या लॅबमध्ये शाळांची मुलं येतात. पाषाणपासून पार हडपसरपर्यंतची, बरीचशी मराठी माध्यमाची. म्हणून यंदा फलक मराठीत करायचं ठरलं आणि तो माझ्या गळ्यात पडला. प्रयोग नेहमीचाच: ई. कोलाय या जिवाणूमध्ये प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा छोटा तुकडा, घालायचं. यालाच इंग्रजीत जिवाणू 'ट्रान्सफॉर्म' करणं म्हणतात. मी मथळा दिला, 'प्लाझ्मिडच्या मदतीने जिवाणूंचे रूपांतर'. आमच्या सरांनी लाल पेनाने काट मारली. "रूपांतर सुरवंटाचं होतं. तुझा ई. कोलाय प्रयोगाआधीही ई. कोलाय आणि नंतरही ई. कोलायच." मग 'परिवर्तन' लिहिलं. ते म्हणे निवडणुकीच्या फ्लेक्सवर शोभेल.

त्यात आणखी एक गोची. लॅबमध्ये आम्ही सर्रास "प्लाझ्मिड ट्रान्सफॉर्म केलंस का?" असं विचारतो. पण बदलतो तो जिवाणू, प्लाझ्मिड आहे तसंच राहतं. मराठीत वाक्य मांडायला बसले तेव्हा हे पहिल्यांदा खटकलं. शुक्रवारी छपाईला द्यायचंय, शब्द सुचवा.

शनिवारपेठी:
सोपं आहे. धर्मांतर, स्थलांतर, भाषांतर, तसं 'जनुकांतर'. आम्ही १९९० सालीच सुचवला होता, कोणी ऐकलं नाही.

कोशकीटक:
शनिवारपेठी काका, घोटाळा होतोय. 'अन्यो देशः देशान्तरम्'. 'अंतर' म्हणजे इथे 'दुसरा'. धर्मांतर केल्यावर पहिला धर्म सुटतो. इथे जिवाणूचं एकही जनुक सुटत नाही, वर चार-दोन जनुकांची भर पडते. त्याचं मूळ गुणसूत्र जागच्या जागी, प्लाझ्मिड शेजारी वेगळं.

आणि 'रूपांतर' खोडण्याआधी मूळ शब्द कुठून आला ते सरांना विचारा. १९२८ साली ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जिवाणूंवर काम करत होते. एका प्रकाराच्या वसाहती खडबडीत आणि निरुपद्रवी, दुसऱ्याच्या गुळगुळीत आणि उंदरांचा जीव घेणाऱ्या. उष्णतेने मारलेले गुळगुळीत आणि जिवंत खडबडीत एकत्र टोचले, तर उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत गुळगुळीत सापडले. डोळ्यांना दिसेल असं रूपच पालटलं होतं! हे घडवणारं द्रव्य डीएनए आहे हे एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. तेव्हा रूपांतर हा शब्द अगदी शब्दशः बरोबर आहे.

पेट्रीबशी:
ग्रिफिथना रूप दिसलं हो. आमच्या अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या बशीवर दोन्हीकडचा ई. कोलाय तसाच पांढुरका. फरक इतकाच की प्लाझ्मिडवाला जगतो.

डेक्कनची_राणी:
कुठलं प्लाझ्मिड वापरताय? जेलीफिशचं हिरवं चमकणारं जनुक असलेलं असेल तर अतिनील दिव्याखाली मुलांना रूपच दिसेल की.

पेट्रीबशी:
तेच आहे! सरांना सांगते.

आजीचं_विरजण:
थांबा. अँपिसिलिन नसलेल्या माध्यमात पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं तर पुष्कळ जिवाणू प्लाझ्मिड टाकून देतात. उगाच ओझं कोण वाहील? म्हणजे हे धर्मांतरही नाही आणि रूपांतरही नाही. 'वेषांतर' म्हणा. गरज संपली की वेष उतरवला. (ह. घ्या.)

शनिवारपेठी:
हलके का घ्यायचे? उत्तम शब्द आहे. जनुकांतरच्या खालोखाल.

चालक_वाहक:
माझी तक्रार वेगळी. भाचीच्या पुस्तकात प्लाझ्मिडला 'वाहक' (व्हेक्टर) म्हटलंय. मी रोज कात्रज ते शिवाजीनगर पीएमपीने जातो. माझ्या डोक्यात वाहक म्हणजे तिकिटं फाडणारा. बरं, डासही रोगाचे वाहक. आणि गणितात त्याच व्हेक्टरचं 'सदिश' होतं. एका इंग्रजी शब्दाची मराठीत तीन बिऱ्हाडं.

कोशकीटक:
तीन बिऱ्हाडं असणं ही श्रीमंती आहे, तक्रार कसली? खरी वाईट गोष्ट म्हणजे हीट शॉकला, म्हणजे प्लाझ्मिड आत जावं म्हणून जिवाणूंना थोडा वेळ देतात त्या उष्णतेला, 'उष्माघात' लिहिणं. एका भाषांतरात मी हे वाचलंय. जिवाणूंना नागपूरच्या उन्हात उभं केल्यासारखं वाटलं.

पेट्रीबशी:
अरे देवा, मीही तेच लिहिलंय. खोडते.

आजीचं_विरजण:
'चटका' लिहा. कॅल्शियम क्लोराइडमध्ये भिजवून अर्धा तास बर्फात, मग ४२ अंशाला पाऊण मिनिट, की परत बर्फात. चटकाच तो.

डेक्कनची_राणी:
४२ अंशाला चटका कुठे बसतो, आजी? अंघोळीचं पाणी असतं ते.

आजीचं_विरजण:
बर्फातून काढून थेट त्या पाण्यात बोट घालून बघ. आणि मी आजी नाही, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला आजोबा आहे. आमच्या वेळी कल्चर 'लावायचं' असं सगळे म्हणायचे. तो शब्द विरजणावरूनच आला असा माझा पक्का समज आहे. तसंच 'काँपिटंट'चं. सगळे 'सक्षम पेशी' लिहितात. मला सक्षम प्राधिकारी आठवतो, त्याची सही आठवते आणि फाइल अडकते. गवयाचा गळा तयार असतो तशी ती पेशी डीएनए घ्यायला 'तयार' असते. 'तयार पेशी' म्हणा.

शनिवारपेठी:
'तयार' फारसी आहे.

आजीचं_विरजण:
'पेशवे' पण.

चालक_वाहक:
😂 अवांतर: या न्यायाने ट्रान्सफॉर्मरला काय म्हणायचं? महावितरणच्या कागदावर 'रोहित्र' असतं. आमच्या सोसायटीत त्याला सगळे डीपी म्हणतात. पावसाळ्यात एकदा तक्रार नोंदवताना मी फोनवर "रोहित्र उडालंय" म्हणालो, तर पलीकडून "कोण रोहित?" असा प्रश्न आला.

शनिवारपेठी:
हसण्यावारी नेऊ नका. वापरला नाही तर शब्द रुळणार कसा? दिनांक, महापौर यांनाही लोक आधी हसलेच होते.

डेक्कनची_राणी:
आणि तरी आपण 'तारीख'च म्हणतो. शब्द रुळतो तो तोंडात बसला म्हणून, कोणी नेमला म्हणून नाही. प्लाझ्मिडला मराठी शब्द कोणी मागितला नाही हे बरं झालं, नाहीतर 'वलयिका' वगैरे निघालं असतं.

कोशकीटक:
चुकलंही असतं. सगळी प्लाझ्मिडं वलयाकार नसतात. स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंमध्ये सरळ दोरीसारखीही सापडतात. जनुकशास्त्रज्ञ लेडरबर्गने १९५२ मध्ये हा शब्द काढला तेव्हा त्यात आकाराचा उल्लेखच नव्हता. गुणसूत्राबाहेरचं, पण पुढच्या पिढीत जाणारं ते प्लाझ्मिड, एवढाच अर्थ. तो तसाच ठेवा.

पेट्रीबशी:
मंडळी, रोहित्र आणि पेशव्यांबद्दल आभार, पण माझं कर्म कुठे गेलं? ट्रान्सफॉर्म कोण होतं?

कोशकीटक:
जिवाणू. "प्लाझ्मिड ट्रान्सफॉर्म केलं" हे लॅबमधलं बोलीरूप आहे. "भिंत रंगवली" आणि "रंग लावला" यांची सरमिसळ. बोलताना चालेल, फलकावर नको.

डेक्कनची_राणी:
फलकावर का नको? मुलं उद्या लॅबमध्ये आली की हेच ऐकणार.

पेट्रीबशी:
फलक छपाईला गेला. चमकणारं जनुक ऐकूनही सर रूपांतराला बधले नाहीत, म्हणाले "दिवा बंद केल्यावर काय?" शेवटी सगळे जडशब्द काढून 'प्लाझ्मिड घातलेले जिवाणू' असं लिहिलं. हीट शॉकला चटका. प्रूफ दाखवलं तर 'घातलेले'खाली रेघ आणि समासात प्रश्न: 'घातलेले की घेतलेले?' त्यांचं म्हणणं, आपण फक्त बाहेर ठेवतो, आत घेतो तो जिवाणू. तेवढ्यात छपाईवाल्याचा फोन आला, 'घातलेले'च राहिलं.

शनिवारपेठी:
घातलेलेच बरोबर. बर्फ, कॅल्शियम, चटका इतकं केल्यावर घेतो, त्याला घेणं म्हणतात का?

चालक_वाहक:
पुण्यात पाहुण्याला चहा असाच देतात.

आजीचं_विरजण:
पेट्रीबशी, तुमच्या नावाबद्दल केव्हाचं विचारायचंय. बशी का? झाकण असतं तिला. आम्ही 'पेट्रीची थाळी' म्हणायचो.