मदत हवी आहे: २२ बाय ११ चा हॉल, खिडकी एकाच टोकाला. खोली कशी काढू?

नमस्कार मंडळी,

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचं वन बीएचके आहे, १९९२ ची बिल्डिंग. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे हॉल आगगाडीच्या डब्यासारखा लांब: २२ फूट बाय ११ फूट, उंची साडेनऊ. एका टोकाला मेन दरवाजा, दुसऱ्या टोकाला सहा फुटी सरकती खिडकी. दरवाजाच्या बाजूनेच पॅसेज निघतो. त्यात स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि आमची १० बाय ११ ची बेडरूम.

सासूबाई आता चिपळूणहून कायमच्या आमच्याकडे येणार आहेत. खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. मुलगा अकरावीत आहे, हॉलमध्येच झोपतो आणि अभ्यासही तिथेच, म्हणजे टीव्ही बंद असेल तर. मनात असं आहे की खिडकीकडचे दहा फूट तोडून आईंना खोली करून द्यावी. बाहेर बारा फुटांचा हॉल उरेल.

गवंडी म्हणतो चार इंची विटांची भिंत घाला, "पिढ्यान्‌पिढ्या हलणार नाही." सुतार म्हणतो प्लाय. फॉल्स सीलिंगवाला म्हणतो जिप्सम, सव्वाशे रुपये चौरस फूट. तिघेही आपापला माल विकतायत हे कळतंय, पण खरं कोण बोलतोय ते कळत नाहीये. शिवाय खिडकी खोलीत गेली की हॉल अंधारा होईल ही धास्ती आहेच. कोणी असं केलंय का?

---

ओळंबा: विटांचं आधी डोक्यातून काढा. ११ फूट लांब, साडेनऊ उंच म्हणजे साधारण पावणेदहा चौरस मीटर भिंत. चार इंची वीट आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टर धरलं तर वजन अडीच टनांच्या आसपास जातं. खाली बीम असेल तर एक वेळ ठीक, पण तुमच्या मापांवरून ती भिंत स्लॅबच्या मधोमध येणार, आणि स्लॅब तीस वर्षं जुना. सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक घेतले तरी प्लास्टरसकट टनभर होतातच. जिप्सम म्हणजे पत्र्याच्या चॅनेलचा सांगाडा आणि दोन्ही बाजूंना साडेबारा मिलीमीटरचा बोर्ड. सगळं मिळून तीनशे किलोच्या आत. सोसायटीला मात्र लेखी अर्ज करा, जिप्सम असलं तरी. नंतर खालच्या मजल्यावर कुठे तडा दिसला की बोट तुमच्याकडेच येतं.

दुपारची झोप: प्लाय नको गं बाई. आमच्याकडे सात वर्षांत आतून वाळवीने पोखरलं. बाहेरून रंग तसाच, बोट लावलं तर आत गेलं.

खिडकीतला: आडवी भिंत घालूच नका. कोपऱ्यात ७ बाय ९ ची खोली काढा, बाजूला चार फुटांची पट्टी खिडकीपर्यंत मोकळी ठेवा. खिडकीचा तुकडा दोघांनाही मिळेल, हॉलमध्ये उजेड राहील.

ओळंबा: @खिडकीतला, कागदावर छान दिसतं. आम्हीही एका घरात हेच करायला गेलो होतो. सरकत्या खिडकीला तीन-तीन फुटांच्या दोन झडपा असतात. भिंत सातव्या फुटावर आली तर ती बरोबर दुसऱ्या झडपेच्या पोटात घुसते, मग एकही झडप सरकत नाही. खिडकी काढून दोन वेगळ्या बसवाव्या लागतात. आणि वर बघा: पंख्याची कडी ११ फुटांच्या मध्यावर, म्हणजे भिंतीपासून दीड फुटावर. ४८ इंची पंख्याचं पातं दोन फूट. आता तुम्हीच सांगा.

धागाकर्ती: 😀 पंख्याचं कोणालाच सुचलं नव्हतं. आमच्या "साहेबांनी" तर खडूने फरशीवर रेघही मारून ठेवली होती.

रेवदंडा एक्सप्रेस: आडवीच भिंत घाला, फक्त सात फुटांपर्यंत बोर्ड आणि वर छतापर्यंत दुधी काच. आमच्या हॉलला दुपारी दिवा लावावा लागत नाही. पण नुसती बंद काच घेऊ नका, ती उजेड देते, वारा नाही. दाराच्या वरची एक काच उघडणारी हवी. टीव्ही किंवा शेल्फ ज्या जागी येणार तिथे बोर्डच्या मागे प्लायची पट्टी आधीच घालून घ्या, जिप्सममध्ये खिळा नुसता भोक पाडतो. वायरींगही दुसरी बाजू बंद करायच्या आधी. आणि सांगाड्यात रॉकवूल (आवाज अडवणारी दगडी लोकर) भरा. आम्ही "नंतर बघू" म्हणून भरलं नाही. आता शेजारच्या खोलीत कोणी चमचा ठेवला तरी कळतं.

चिंचपोकळीची मावशी: सगळे भिंतीचं बोलताय, मला एक सांगा. आजी रात्री उठल्या तर संडासला कशा जाणार? खिडकीच्या टोकापासून अख्खा हॉल ओलांडून, वॉकर घेऊन, नातवाच्या गादीला वळसा घालून? माझ्या आईचा हाच प्रकार. पडली ती अशाच पंधरा पावलांत. आहे ती बेडरूम संडासाशेजारी आहे ना? ती त्यांना द्या. नवी खोली तुम्ही घ्या.

धागाकर्ती: मावशी, तुमचा प्रतिसाद वाचून दोन मिनिटं तशीच बसले. इतक्या दिवसांत फुटं आणि इंच मोजत होते, पावलं मोजलीच नाहीत. आज मोजली. आईंच्या चालीने खिडकीपासून संडासापर्यंत एकतीस.

तसंही, गणपतीत आई आल्या होत्या तेव्हा खडूच्या रेघेवर दोरी बांधून जुन्या दोन चादरी टाकल्या होत्या, अंदाज यावा म्हणून. चार वाजताच हॉलमध्ये ट्यूब लावावी लागली. आणि बेल वाजली की आई चादर वर करून "कोण गं?" तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला काय बाळंतिणीच्या खोलीत घातलंयस?" तेव्हा हसून सोडून दिलं होतं.

तर आता असं ठरतंय: बेडरूममध्ये आई आणि मुलगा, दोन सिंगल बेड. रात्री हाकेला कोणीतरी जवळ असेल, दिवसा आई हॉलमध्ये बसतील आणि तो दार लावून अभ्यास करेल. (त्याचा एकच आक्षेप: आजी घोरते.) खिडकीकडे आम्ही दोघं. जिप्सम, सात फुटांवर दुधी काच, दारावर उघडणारी झडप. अर्ज सोसायटीत दिला.

एकच प्रश्न उरला. दार सरकतं घ्यावं की बिजागरीचं? सरकत्याने जागा वाचते.

रेवदंडा एक्सप्रेस: सरकतं घ्यायचं तर वरून टांगलेलं घ्या, फरशीवर पट्टी नको. दुपारी आजी खिडकीशी बसायला येणारच, वॉकर अडेल. पण आवाजाच्या दृष्टीने बिजागरीचंच बरं, सरकत्याला कडेने फट राहते.

धागाकर्ती: बिजागरीचं. आणि रॉकवूल डबल. आता आम्हीच आत आहोत 🙈