मदत हवी आहे: ब्राझिलियन तालांवर उभे असलेले जॅझ अल्बम सुचवावेत

स्टॅन गेट्झ आणि चार्ली बर्ड यांचा १९६२ सालचा ‘जॅझ सांबा’ आणि गेट्झ व जोआओ जिल्बेर्तो यांचा १९६४ साली प्रसिद्ध झालेला अल्बम मला अतिशय प्रिय आहेत. गेट्झच्या सॅक्सोफोनचा मऊ स्वर अजोडच आहे. मात्र तेथे ताल बहुतांशी शांतपणे पाठीशी राहतो आणि वादक त्यावरून आपली वाट काढतो. मला याच्या पुढचे ऐकायचे आहे.

सांबा या ब्राझिलियन नृत्यसंगीतात सुर्दो या मोठ्या ढोलाचा वजनदार ठोका दोन मात्रांपैकी दुसऱ्या मात्रेवर पडतो, आणि त्याच वेळी तांबोरीं हे छोटे चर्मवाद्य आडव्या लयीत खेळत असते. ही ओढाताण ज्यांच्या उपजेत (वाजवताना ऐनवेळी सुचलेल्या विस्तारात) थेट उतरली आहे, असे अल्बम मी शोधत आहे. सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांच्या १९७५ सालच्या ‘नेटिव्ह डान्सर’मध्ये ब्राझिलियन गायक मिल्टन नासिमेंतो यांचा आवाज आणि सॅक्सोफोन एकमेकांना ज्या प्रकारे पुढे नेतात, ते मला या दृष्टीने फार मोलाचे वाटते. ब्राझिलियन वादक-संगीतकार एर्मेतो पास्कोआल यांचा ‘स्लेव्हज मास’ही (१९७७) ऐकला आहे.

ईशान्य ब्राझीलमधील बायाओ आणि माराकातू या तालांवर विस्तृत उपज असलेले, शक्यतो वाद्यसंगीताचे अल्बम जाणकारांनी कृपया सुचवावेत. साठच्या दशकातील पियानो त्रिकुटांपैकी झिंबो त्रिओ आधी ऐकावे की तांबा त्रिओ, आणि त्यांच्या कोणत्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करावी, हेही कळवावे.