मदत हवी आहे: सहावी-सातवीचा धर्मशिक्षणाचा वर्ग, रविवारच्या आत सांगा

वाडीवाली (बुधवार, रात्री ९.४०)
रविवारच्या वर्गाला सहावी-सातवीची मुलं माझ्या गळ्यात पडली आहेत. गेल्या वेळी एकाने असा प्रश्न काढला की अख्खा वर्ग त्याच्या बाजूने झाला. पुढच्या रविवारी बघू म्हणून वेळ मारून नेली. पुस्तकातलं उत्तर दोन ओळींचं आहे, ते या मुलांच्या गळी उतरणार नाही हे मला आत्ताच दिसतंय. सिस्टर म्हणतात, प्रार्थना घ्या आणि पुढच्या धड्याला लागा. तसं केलं तर वर्षभर ही मुलं मला विचारणार नाहीत. कोणी या वयाला शिकवलं असेल तर काय करता ते सांगा. भाषण नको, वर्गात करण्यासारखं काहीतरी सांगा.

नगरी_पाणी (बुधवार, रात्री ९.५२)
प्रश्न काय होता?

सोपारकर (बुधवार, रात्री १०.०५)
हो, तेच तर लिहिलं नाही. आणि कॅथलिक की प्रोटेस्टंट? चर्चचा वर्ग की शाळेतला तास? मुलं मराठी माध्यमाची की इंग्लिश? यातलं काहीच नसताना सांगणार काय.

दुर्बीण (बुधवार, रात्री ११.१८)
प्रश्न काय असणार, डायनासोर! या वयात सगळीकडे तोच येतो. सहा दिवसांत जग केलं तर डायनासोर कुठल्या दिवशी, वगैरे. माझ्या भाच्याने फादरना विचारला होता. याचं उत्तर सोपं आहे. महास्फोटाची कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. विश्व प्रसरण पावतंय हे त्याने १९२७ मध्ये मांडलं आणि १९३१ मध्ये सगळं एका आदिअणूपासून सुरू झालं असं लिहिलं. पुढे पोपनी या सिद्धांताला बायबलचा पुरावा म्हणून वापरायला घेतलं तेव्हा याच माणसाला ते आवडलं नव्हतं. मुलांना ही गोष्ट सांगा, फळ्यावर फुगा काढा, त्यावर ठिपके काढा. हवं तर मी पूर्ण तासाची आखणी करून देतो.

कलमबहाद्दर (गुरुवार, सकाळी ७.३१)
शाळेत धर्मशिक्षण? राज्यघटनेचं कलम २८ वाचा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत द्यायचं तर कोणावर सक्ती नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. घेतली आहे का लेखी?

सोपारकर (गुरुवार, सकाळी ७.५०)
अहो, त्या 'रविवार' म्हणताहेत. रविवारी कुठली शाळा भरते?

कलमबहाद्दर (गुरुवार, सकाळी ७.५८)
माहिती असलेली बरी म्हणून सांगितलं.

वाडीवाली (गुरुवार, दुपारी २.१५)
डायनासोर नाही हो! शाळाही नाही. वसई. मिस्सा (रविवारची उपासना) संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये पाऊण तास. म्हणजे कॅथलिक, हे वेगळं सांगायला नको होतं. सगळ्यांचं पहिलं कॉम्युनियन (लहानपणचा संस्कार) होऊन गेलंय आणि दृढीकरणाला (त्यानंतरच्या संस्काराला) अजून अवकाश आहे, त्यामुळे मधल्या मध्ये लटकलेली. आयांनी पाठवलं म्हणून येतात. निम्मी इंग्लिश मीडियमची, मराठी वाचायला दिलं की बोट ठेवून वाचतात. प्रश्न येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरचा, म्हणजे बोधकथेवरचा आहे.

नगरी_पाणी (गुरुवार, दुपारी २.२०)
ताई, पण प्रश्न काय होता??

वाडीवाली (गुरुवार, दुपारी २.४४)
बायबलमधलं मत्तयाचं पुस्तक, अध्याय २०. मालक पहाटे मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला, शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी. वर्गात एकजण आहे, त्याच्या पप्पांची केळी-पानवेलीची वाडी आहे, कामाला माणसं असतात. तो उठून म्हणाला, "टीचर, आमच्या पप्पांनी असं केलं तर दुसऱ्या दिवशी सगळे मजूर पाचलाच येतील." सगळा वर्ग हसला. एक मुलगी म्हणाली, बरोबरच आहे, पहाटे आलेल्यांना मालकाने फसवलं. आता मी यावर "देवाची कृपा सर्वांना सारखी" म्हणू? पुस्तकात तेवढंच आहे.

कडक_टीचर (गुरुवार, दुपारी ४.०२)
मला विचाराल तर मुळात दाखले इतक्या लवकर घेऊच नयेत. आधी दहा आज्ञा, सात संस्कार, जपमाळेची रहस्यं तोंडपाठ करून घ्या. आमच्या वेळी सिस्टरसमोर अडखळलो तर पुढच्या रविवारी पुन्हा उभं राहावं लागायचं. आज या वयातही झोपेतून उठवून विचारा. प्रश्न विचारायला लावणं ही नवी फॅशन आहे.

नगरी_पाणी (गुरुवार, संध्याकाळी ६.२५)
कडक टीचर, अहो, दाखला सांगितला की प्रश्न येणारच, तो त्यासाठीच सांगितलेला आहे.
वाडीवाली ताई, मी आमच्या मंडळीत बरीच वर्षं संडे स्कूल घेतलं, हा दाखला असा घ्यायचो. सांगायचा नाही, करायचा. हॉलमध्ये खरं काम काढा: खुर्च्या हलवणं, गीतांची पुस्तकं पुसून नंबराप्रमाणे लावणं. पाच-सहा मुलांना लगेच लावा आणि ठरवून टाका, प्रत्येकी एक चिक्की. बाकीच्यांना भिंतीशी उभं करा. थोड्या थोड्या वेळाने दोघं दोघं आत घ्या. शेवटची दोघं अगदी काम संपताना. मग रांग लावा, शेवटच्यांना पहिली चिक्की. ही पायरी चुकवू नका, दाखल्यातही मालक शेवटच्यांपासूनच सुरुवात करतो. उलटं केलं असतं तर पहिले आपली मजुरी घेऊन घरी गेले असते, भांडण झालंच नसतं. भांडण होऊ द्या. ते ओसरलं की भिंतीशी उभ्या राहिलेल्या शेवटच्या दोघांना एकच विचारा, उभे होतात तेव्हा मनात काय चाललं होतं.
याआधी दहा मिनिटं आज्ञांच्या चिठ्ठ्यांचा खेळ घ्या, मुलं जागी होतात. मी "पाचवी!" म्हटलं की ज्याच्याकडे आईबापाची चिठ्ठी असेल त्याने पळत यायचं.

कडक_टीचर (गुरुवार, संध्याकाळी ६.४०)
पाचवी? आईबापाचा मान राख ही चौथी आज्ञा आहे. स्वतःला येत नाही आणि दुसऱ्याला शिकवताहेत.

नगरी_पाणी (गुरुवार, संध्याकाळी ६.४८)
आमच्यात पाचवीच आहे. बायबलमध्ये निर्गम अध्याय २० उघडा आणि मोजा.

कडक_टीचर (गुरुवार, संध्याकाळी ६.५१)
मोजली. चौथी.

सोपारकर (गुरुवार, संध्याकाळी ७.१०)
दोघंही बरोबर. निर्गमात आकडे घातलेलेच नाहीत. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या मूर्तींबद्दलची आज्ञा वेगळी दुसरी मोजतात. कॅथलिक ती पहिलीतच धरतात आणि शेवटी लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. त्यामुळे मधल्या सगळ्यांचा नंबर एकाने सरकतो. प्रोटेस्टंटांतल्या लुथरन मंडळी मात्र कॅथलिकांसारखंच मोजतात. आता मूळ प्रश्नाकडे येऊ या का?

लेस्टरची_सून (गुरुवार, रात्री ११.५५)
इथे इंग्लंडमध्ये हा विषय शाळेतच असतो, आर. ई. (रिलिजस एज्युकेशन) म्हणतात. १९८८ च्या कायद्यानुसार त्यात ख्रिस्ती परंपरेवर भर असतो, पण बाकीचे धर्मही शिकवावे लागतात. पालकांना मूल त्या तासातून काढून घ्यायचा हक्क आहे. आम्ही काढलं नाही. माझा मुलगा दहा वर्षांचा. शेजारच्या बाकावर शीख मुलगी, मागे मुस्लिम, हा गणपतीवाला, आणि तिघं मिळून चांगल्या शोमरोन्याचं (येशूच्या आणखी एका दाखल्याचं) नाटक बसवताहेत. तिथे शिक्षिका तुम्ही हे मानता का असं विचारत नाही, ख्रिस्ती लोक याचा काय अर्थ लावतात असं विचारते. तुमच्याकडे असं केलं तर?

सोपारकर (शुक्रवार, सकाळी ६.३०)
ताई, छान आहे, पण तो तास वेगळा. यांच्या वर्गातली मुलं स्वतःच ख्रिस्ती लोक आहेत. ख्रिस्ती लोक काय अर्थ लावतात म्हटलं तर तो मुलगा म्हणेल, लावला की मी परवा.

नाक्यावरचा (शुक्रवार, सकाळी ११.१२)
मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशिक्षणातलं मला कळत नाही. बांधकामाला माणसं लावायचं काम मात्र रोज करतो, आणि ही गोष्ट वाचून थबकलो, कारण हा सरळ मजूर नाकाच आहे.
सकाळी नाक्यावर दोन-दोनशे माणसं उभी असतात. मुकादम येतो, आधी दंड बघतो. तरणा, हातात थापी-ओळंबा असलेला गडी पहिल्या दहा मिनिटांत जातो. मग जोडीने काम करणारे. मग बाया. नऊनंतर उरतात ते कोण? केस पिकलेला, पाय ओढत चालणारा, कडेवर पोर असलेली, परवाच गावाहून आलेला आणि अजून कोणाच्या ओळखीचा नसलेला. ते आळशी नसतात, तेही सहालाच आलेले असतात. दुपारपर्यंत थांबतात, कारण घरी रिकाम्या हाताने जायची लाज वाटते. डबा तिथेच पायरीवर उघडतात.
त्या मुलाला एवढंच विचारा, पाचला उभे असलेले किती वाजता आले होते?

वाडीवाली (शुक्रवार, दुपारी १२.४०)
नाक्यावरचा, हे मला सुचलंच नसतं. आणि दाखल्यातही आहे! मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही.

सोपारकर (शुक्रवार, दुपारी १.०५)
अगदी. आणि त्यावर मालक त्यांना काहीही सुनावत नाही, तुम्हीही जा म्हणतो. अजून तीन गोष्टी हाताशी ठेवा. एक, दिनार म्हणजे तेव्हाची रोजची मजुरी, कुटुंबाचं त्या दिवसाचं पोट. त्याचा बारावा हिस्सा घेऊन गेला असता तर घरी काय शिजलं असतं? दोन, संध्याकाळीच पैसे द्यायचे हा मालकाचा लहरीपणा नाही. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात, अध्याय २४ मध्ये नियम आहे, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, त्याचा जीव तिच्यावर अडकलेला असतो. तीन, एक अध्याय मागे जा. मत्तय १९ च्या शेवटी येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्या मागे आलो, आम्हाला काय मिळणार? हा दाखला त्यानंतर लगेच येतो. पहाटे आलेला मजूर कोण ते मुलांना शोधू द्या.
आणि त्या मुलाला चुकीचा ठरवू नका. वाडी चालवायची म्हणून तो हिशेब पक्का आहे. येशूही वाडी कशी चालवावी ते सांगत नाही, स्वर्गाचं राज्य कसं आहे ते सांगतोय. ऐकणाऱ्यांना खटकावं म्हणूनच तो तसा रचलाय. मुलांना खटकला म्हणजे त्यांनी तो नीट ऐकला.

कडक_टीचर (शुक्रवार, दुपारी ३.२०)
हे धर्मशिक्षण की युनियनची सभा? हा दाखला कृपेचा आहे. चर्चच्या हॉलमध्ये मजुरीचे दर काढून बसलात तर फादरच तुम्हाला बाहेर काढतील. आणि चिक्की वगैरे खायला मुळीच नको, हॉलभर कागद होतात, झाडणार कोण?

नगरी_पाणी (शुक्रवार, दुपारी ४.००)
झाडायला पाचला आलेले लावा.
मस्करी सोडा, कृपा आणि मजुरी यात वैर कसलं? ७२ च्या दुष्काळात आमची आई खडी फोडायला जायची. दिवसभराची रास मापून पैसे. जिचे हात चालत नव्हते तिची रास छोटी, तिचे पैसे कमी, पण घरी खाणारी तोंडं तेवढीच. सुकडी (दुष्काळात वाटलेलं कोरडं खाणं) मिळायची ती मात्र सगळ्यांना सारखी. आईने हा दाखला पाळकांकडून आयुष्यभर ऐकला आणि तिला तो कधीच अवघड वाटला नाही.

कडक_टीचर (शुक्रवार, दुपारी ४.३३)
हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं. तरी पाठांतर पाहिजेच.

दुर्बीण (शुक्रवार, संध्याकाळी ५.४५)
डायनासोरच्या तासाची आखणी तयार आहे, कोणाला हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वाडीवाली (शनिवार, रात्री ८.१०)
उद्याचं ठरलं. चिक्कीऐवजी सुकेळी (वाळवलेली केळी), एका मुलीच्या आईने दिलीत. खुर्च्या हलवण्याचं काम, कारण तसंही त्या उन्हातून आत घ्यायच्याच आहेत. वाडीवाल्या मुलाला मालक करणार होते, पण मैत्रीण म्हणाली त्याला शेवटपर्यंत भिंतीशी उभा कर.

सोपारकर (शनिवार, रात्री ८.२२)
मैत्रिणीचं ऐका.

वाडीवाली (सोमवार, सकाळी १०.३०)
झालं. भांडण तुम्ही म्हणालात त्याहून मोठं झालं. पहिल्या गटातल्या एकाने सुकेळं घेतलंच नाही, टेबलावर ठेवून दिलं आणि तास संपेपर्यंत त्याकडे बघत बसला. भिंतीशी उभा होता त्याला विचारलं तर म्हणाला, "वाटलं माझं नाव विसरलात. मग वाटलं मुद्दाम घेत नाही." मी काहीच बोलले नाही. मग नाक्याची गोष्ट सांगितली, तेव्हा वर्ग पहिल्यांदा गप्प बसला. पेत्राचा भाग घ्यायला वेळच उरला नाही, तो पुढच्या वेळी. त्या मुलाला अजून पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, मालकाने सगळ्यांना पहाटेच न्यायला हवं होतं, मग प्रश्नच नव्हता. यावर काय बोलायचं ते सांगा.
आणि संध्याकाळी त्याच्या पप्पांचा फोन! मुलगा जेवताना विचारत बसला होता म्हणे, आपण माणसांना किती देतो आणि पाऊस पडून काम थांबलं तर देतो का. पप्पा चिडलेले नव्हते. पण "टीचर, पुढचा धडा कुठला आहे?" असं दोनदा विचारलं.

नगरी_पाणी (सोमवार, सकाळी १०.४१)
जिंकलात! मग, देतात का?

वाडीवाली (सोमवार, सकाळी १०.५०)
ते मी कसं विचारणार!

कलमबहाद्दर (सोमवार, सकाळी ११.१५)
किमान वेतन कायदा १९४८ चा आहे, शेतमजुरांनाही लागू होता. आता त्याच्या जागी वेतन संहिता २०१९ आली आहे. त्यांना वाचायला सांगा.

सोपारकर (सोमवार, दुपारी १२.०५)
मुलाच्या नव्या मुद्द्यावर: तो बरोबर आहे असंच म्हणा. आणि विचारा, मालक दिवसातून पाच वेळा नाक्यावर का गेला असेल? द्राक्षं तोडायला इतके हेलपाटे लागत नाहीत. उत्तर तुम्ही देऊ नका.

नवी_आई_आगाशी (सोमवार, दुपारी १.३०)
वसईतलं कोणी आहे म्हणून विचारते. मुलीचं पहिलं कॉम्युनियन आहे, पांढरा फ्रॉक शिवून घ्यावा की तयार मिळतो? पापडी गावच्या बाजारात कोणी शिवणारं माहीत आहे का?