माउथ ऑर्गनचा माइक घाण वास मारतोय, आत स्पिरिट फवारू का?

दादरचा_बाजेवाला: आम्ही चौघे रविवारी हिंदू कॉलनीत एका मित्राच्या गच्चीवर माउथ ऑर्गन वाजवतो. माइक एकच, शुअरचा एसएम ५८. बाजा आणि माइक एकाच ओंजळीत धरायचा, त्यामुळे सगळी वाफ, लाळ जाळीत. त्यात मध्येच वडापाव येतो. आता लसणाची चटणी आणि ओलं फडकं असा काही वास सुटलाय की बायकोने माइक बाल्कनीत नेऊन ठेवला. आवाजही दबलाय. सर्जिकल स्पिरिट फवारलं तर?
शिवाय मामांचा जुना माइक, अ‍ॅस्टॅटिक जेटी-३०, माळ्यावर दोन पावसाळे पडून होता. तो आता नुसता कुजबुजतो. साफ करून सुधारेल?

लालबागचा_साउंडवाला: फवारू नका हो! मागे गणपतीत आरतीच्या तोंडावर एका उत्साही पोराने माझ्या माइकवर सॅनिटायझरची पिचकारी मारली. पुढचे दहा दिवस भटजी गोधडीतून बोलल्यासारखे ऐकू येत होते. आतला पडदा कागदाहून पातळ असतो, तो भिजला की गेला.
आधी जाळी फिरवून काढा आणि तसंच दोन शब्द बोलून बघा. आवाज मोकळा आला तर दोष फोमचा. लाळ वाळून त्याची भोकं बुजतात, वरच्या पट्टीचे सूर अडतात. मग जाळी आणि फोम कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. फोम पिळू नका, टॉवेलात दाबा. हेअर ड्रायर नको. सध्याच्या हवेत पंख्याखाली दोन दिवस तरी ठेवा, ओली जाळी परत बसवलीत तर सगळं मुसळ केरात. जाळीखालच्या उघड्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाला, पाणी, फुंकर काही नाही. तोंड खाली करून कोरडा मऊ ब्रश, बस्स.

ठाणेकरीण: मी दर वेळी स्पिरिटचा वाइप फिरवते, काही झालं नाही.

लालबागचा_साउंडवाला: ताई, जाळी काढून तिच्यावर फिरवा, खुशाल. माइकवर असताना ओथंबलेला वाइप नको, थेंब आत उतरतो.

भायखळ्याचे_काका: जेटी-३०बद्दल. जुन्या जेटी-३०मध्ये आवाज पकडायला बहुधा क्रिस्टल असतो, रोशेल सॉल्टचा. म्हणजे मीठच ते, पाण्यात विरघळणारं. मुंबईच्या दमट हवेत दोन पावसाळे माळ्यावर? उन्हाळ्यात पत्र्याखाली तापला असेल तर तेही त्याला सोसत नाही. आधी वायर आणि जोडणी तपासा, लॅमिंग्टन रोडला कोणीही डाग देऊन देईल. ती ठीक निघाली तर क्रिस्टल गेला समजा, तो पुसून जिवंत होत नाही. पण खोका टाकू नका! बाजेवाले त्या खोक्यासाठीच जीव टाकतात, आत क्रिस्टलऐवजी डायनॅमिक एलिमेंट (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारं) बसवता येतं.
एसएम ५८ मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. क्रिस्टलला तेही मानवत नाही, फार कोरडं झालं तरी तो बिघडतो. नखरेल जात.
आणि वाजवण्याआधी चूळ भरा रे बाबांनो. बाजाच्या पितळी पट्ट्यांनाही तीच चटणी चिकटते.

दादरचा_बाजेवाला: जाळी काढली, आवाज खणखणीत! फोमचं पाणी चहासारखं निघालं. जेटी-३०ची वायर शाबूत आहे, म्हणजे काका, तुमचंच खरं. मामांना अजून सांगितलेलं नाही.