मदत हवी आहे : कादंबरी कळलीय, पण 'आर्ग्युमेंट' लिहिता येत नाहीये (दहावी, इंग्रजी)

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. लेक दहावीला आहे, शाळा इंटरनॅशनल बोर्डाची, आणि इंग्रजीला त्यांना हार्पर लीची टू किल अ मॉकिंगबर्ड लावलीय. येत्या सोमवारी एसे द्यायचाय, हजार शब्द, विषय असा की टॉम रॉबिन्सनची केस हरली म्हणजे अ‍ॅटिकसने केलेला बचाव फुकट गेला का. पहिला ड्राफ्ट परत आला, वर एक ओळ की ही तर गोष्ट सांगितलीस, आर्ग्युमेंट कुठंय, आणि मार्जिनमध्ये तीन ठिकाणी लाल पेनाने 'सो व्हॉट?' लिहिलेलं. त्या रात्री पोरगी धड जेवली नाही.

मी गुजराती मीडियमची. आमच्या वेळी इंग्रजीचा पेपर म्हणजे गाइडमधली उत्तरं पाठ करून ओकायची, स्वतःचं मत कुणी विचारलंच नाही, त्यामुळे तिला नेमकं काय जमत नाहीये ते मला सांगता येत नाही. म्हणून कादंबरीच वाचायला घेतली, रोज रात्री भांडी आवरून झाली की दोघी बसायचो, पंधरा दिवसांत संपवली आणि आता मलाच ती सोडवत नाहीये.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुस्तक १९६० चं, १९६१ मध्ये पुलित्झर मिळालं. अमेरिकेतल्या अलाबामातलं छोटं गाव, काळ १९३० च्या दशकातला. टॉम या काळ्या माणसावर मेयेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ येतो, अ‍ॅटिकस त्याचा वकील, आणि सगळी हकीगत सांगते त्याची मुलगी स्काउट. पुरावा टॉमच्या बाजूने असूनही ज्युरी त्याला दोषी ठरवते.

लेकीने चार पानं लिहिली. सगळं बरोबर आहे, एकही चूक नाही, पण वाचून झालं की प्रश्न पडतो, बरं मग?

दुसरी गोष्ट, तिच्या मनात एक उदाहरण बसलंय. बाबासाहेब आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, परत आल्यावर १९१७ मध्ये नोकरीसाठी इथे बडोद्यात आले, आणि जात कळली म्हणून पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री, तोवरचे पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले. त्यांनी स्वतः वेटिंग फॉर अ व्हिसा या आपल्या आठवणींमध्ये लिहिलंय हे. आम्ही दांडिया बाजारात राहतो, लहानपणापासून ती त्या बागेत खेळलीय. ती म्हणते, आई, टॉमचं वाचताना मला सारखी आपली बागच दिसते, मग मी ते लिहायचं नाही का? मला काय उत्तर द्यावं कळेना. घालावं का हे एसेमध्ये? आणि गोष्ट सोडून मुद्द्यावर कसं यायचं? कुणी शिकवत असाल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, मी इंदूरला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. 'सो व्हॉट' वाचून मुलं हिरमुसतात पण शेरा अगदी कामाचा आहे. पुरावा आणि दावा यांच्यामधला दुवा लिहायचा राहिलाय एवढंच त्याचा अर्थ. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये याच दुव्याला वॉरंट असं नाव दिलं. आपल्याला तो दुवा इतका उघड वाटतो की आपण तो लिहीतच नाही, आणि वाचणारा तिथेच अडतो.

उदाहरण कादंबरीतच आहे. मेयेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली. तिचा बाप बॉब युएल डावरा, हे अ‍ॅटिकस त्याला कोर्टात सही करायला लावून दाखवतो. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनमध्ये सापडून निकामी झालेला. ही तीन वाक्यं म्हणजे पुरावा. पण त्याने काय सिद्ध होतं? ते चौथं वाक्य तुमच्या मुलीने लिहिलंय का बघा.

आणि विषयाला नुसतं हो किंवा नाही असं उत्तर नको. जे वाचून वर्गातलं एखादं पोर म्हणेल 'मला नाही पटत', तो खरा दावा.

धागाकर्ती

सर, खूप आभार. चौथं वाक्य नव्हतंच!

काल ओट्याजवळ तिला माझ्यासमोर उभी केली आणि म्हटलं, डावा हात उचल आणि मला मारतेयस असं कर. तिचा हात आला तो माझ्या उजव्या गालावर. तिच्या हाताला कणीक लागली होती, ती माझ्या गालाला लागली, आणि ती एकदम म्हणाली, अगं म्हणजे समोरून मारलं तर डावऱ्याचाच हात उजव्या बाजूला बसतो, हे मी लिहिलंच नाही, मला वाटलं कळतंच सगळ्यांना. मग आठवलं की कोर्टात शेरीफसुद्धा आधी डावा डोळा म्हणतो आणि विचार करून मग उजवा म्हणतो. लेखिकेने ते उगाच नाही घातलं, वाचणाऱ्यालाही तिथे थांबून स्वतःचा हात उचलून बघायला लावलंय असं मला वाटतं.

बागेचं मात्र अजून अडलंय.

प्रतिसाद २

ग्वाल्हेरहून. मी दोन वर्षांपूर्वी हीच कादंबरी केली, त्यामुळे ताजं आहे. काकू, एसे कादंबरीवर असेल तर पुरावा कादंबरीतलाच लागतो, बागेवर अख्खा पॅरा लिहिला तर मार्क जातील. पण ते मनातून काढूही नका. दोन्ही अन्याय सारखे आहेत असं म्हणून थांबण्यापेक्षा कुठे वेगळे आहेत ते तिला विचारा. बाबासाहेबांनी त्यांची हकीगत स्वतः लिहिली, 'मी' म्हणून. टॉमची कोण सांगतं? आठ-नऊ वर्षांची गोरी मुलगी. टॉम स्वतः बोलतो तो मुख्यतः १९ व्या प्रकरणात, साक्षीला उभा राहतो तेव्हा, आणि तिथेही मेयेलाची कीव आली एवढं बोलणंही त्याला महागात पडतं. यातून काहीतरी निघेल बघा.

आणि उलटी बाजू पूर्ण ताकदीने लिहायला सांगा. बचाव फुकट गेला असं म्हणणाऱ्याकडे खूप काही आहे, तुरुंगातून पळताना टॉमला सतरा गोळ्या लागतात. ते टाळून पुढे गेलं तर एसे पोकळ वाटतो.

प्रतिसाद १

वरच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा. फक्त एक भर, मिस मॉडी, म्हणजे अ‍ॅटिकसची शेजारीण, तिचं म्हणणं सोडू नका. ज्युरीला इतका वेळ विचार करायला लावणं फक्त अ‍ॅटिकसला जमलं, हे छोटंसं का होईना पण पाऊल आहे असं ती म्हणते. ज्युरीतला एक जण, गावातल्या गरीब कनिंगहॅम घराण्यातला, तर सुरुवातीला टॉमला सोडायच्या बाजूने होता.

धागाकर्ती

तुम्ही दोघांनी जे दिलंत त्यावर काल रात्री साडेअकरापर्यंत आमची चर्चा चालली. मी म्हणत होते बचाव फुकट गेला नाही, ती म्हणाली हे तू कुणाच्या बाजूने बोलतेयस, टॉमच्या की स्काउट आणि तिचा भाऊ जेम यांच्या? मी गप्प झाले. आणि तिथून तिचा दावा निघाला, तिच्याच शब्दांत मराठीत लिहिते : बचाव फुकट गेला नाही, पण त्यातून जे मिळालं ते बघणाऱ्यांना मिळालं आणि किंमत टॉमने दिली, आणि कादंबरी बघणाऱ्यांच्या डोळ्यांनी सांगितलेली असल्यामुळे आपल्याला मिळालेलं जास्त दिसतं, दिलेली किंमत कमी.

यावर तिच्या वर्गात नक्की कुणीतरी भांडेल. माझंही अजून पूर्ण पटलेलं नाही, हेलनची अवस्था आपल्याला दिसतेच ना, टॉमच्या बायकोची? ती म्हणाली, दिसते, पण किती ओळी? आणि पुस्तक घेऊन मोजायला बसली.

बागेचं वाक्य तिने स्वतःच काढलं. ते मराठीत वेगळं लिहिणारेय म्हणते, आजोबांना वाचून दाखवायला.

आता एक शेवटची शंका. आमची प्रत जुनी आहे, वर्गातल्या प्रतीशी पान नंबर जुळत नाहीत. पुरावा देताना पानाऐवजी प्रकरणाचा नंबर दिला तर चालतो का?

प्रतिसाद १

चालतो, पण मग सगळीकडे तसाच द्या. एकदा पान आणि एकदा प्रकरण असं नको. आणि मॅडमना आधी सांगून ठेवायला सांगा.