मदत हवी आहे: फायबरच्या बोटीत इंजिनाखालचं लाकूड कुजलंय, बैठक नव्याने कशी बांधावी?

नमस्कार मंडळी,

फायबरची २४ फुटी बोट आहे. आत डिझेल इंजिन, मागे गिअरबॉक्स आणि सरळ शाफ्ट. इंजिन ज्या दोन लांब बैठकांवर बसलंय त्या आतून लाकडाच्या, वरून फायबरने मढवलेल्या. हल्ली रिव्हर्स टाकला की इंजिन धक्का देऊन हलायला लागलं. माउंटचे (इंजिन बैठकीला धरणाऱ्या पायांचे) बोल्ट आवळायला घेतले तर डाव्या बाजूचे मागचे दोन नुसतेच फिरले. एक बाहेर काढला, त्याच्या आट्यांत काळा ओला लगदा. मग हातोडीने ठोकत गेलो. पुढे खणखणीत आवाज, मागे साधारण दोन फूट सगळं बद्द. उजवीकडचे बोल्ट अजून धरून आहेत, पण तिथेही अगदी मागच्या टोकाला आवाज बद्दच येतो.

पाणी कुठून शिरलं ते दिसतंय. बोल्टची भोकं थेट लाकडात पाडलेली, आतून रेझिनचा हात नाही. बिल्जचं (बोटीच्या तळाशी साचणारं) पाणी वाहायला बैठकीत ठेवलेल्या आरपार भोकांच्या कडाही उघड्या लाकडाच्याच. फायबरच्या आत कोंडलेलं पाणी सुकत नाही, आणि लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला तेवढं पुरतं.

बारीक भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी सोड, असं मला सुचवलं गेलंय. ते मला पटत नाही. ओलं लाकूड रेझिन पीत नाही आणि कुजलेल्या तंतूंत ताकद उरलेली नसते. प्रोपेलर बोटीला जितक्या जोराने ढकलतो तो सगळा जोर शाफ्ट आणि गिअरबॉक्समधून याच बैठकांवर येतो, शिवाय तळाला ताठ ठेवायचं कामही त्याच करतात. इथे वरवरची मलमपट्टी मला नको आहे.

माझा बेत असा: इंजिन उचलायचं, वरचं फायबर आणि आतल्या बाजूची भिंत कापायची, बाहेरची भिंत साच्यासारखी तशीच ठेवायची, लाकूड कोरून काढायचं आणि मरीन प्लायचे थर चिकटवून नवी बैठक उभी करायची. हे बरोबर आहे का? रेझिन पॉलिएस्टर घेऊ की इपॉक्सी? आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे इंजिन परत बसवताना शाफ्टची रेषा चुकली तर? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

बेत योग्य आहे. दोन्ही बाजू एकदम मात्र उघडू नका. एक पूर्ण करा, मग दुसरी. बैठक काढली की तळ मोकळा होतो, म्हणून बाहेरून टेकू नीट द्या.

इंजिन हलवण्याआधी शाफ्टच्या मध्यरेषेत तार ताणा आणि प्रत्येक माउंटची उंची व अंतर त्या तारेपासून मोजून ठेवा. प्लायवूडचा फर्मा केलात तर उत्तम. शेवटी कपलिंगच्या (गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांना जोडणाऱ्या चकत्यांच्या) दोन तोंडांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासायची. व्यासाच्या दर इंचामागे एक हजारांश इंच एवढाच फरक चालतो, म्हणजे ४ इंची कपलिंगला सुमारे ०.१ मिमी. ही शेवटची जुळवणी बोट पाण्यात उतरवल्यावरच करा, कारण टेकूंवर तळाचा आकार थोडा बदलतो.

रेझिन इपॉक्सीच. जुन्या, पूर्ण कडक झालेल्या फायबरला ते पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी घट्ट धरतं. त्यासोबत काचेच्या धाग्यांचे दोन दिशांचे थर टाके घालून जोडलेलं बायअ‍ॅक्सियल कापड घ्या. साध्या चॉप्ड मॅटमधला (काचेच्या तुटक तंतूंच्या चटईतला) बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत नाही. जुन्या फायबरला जाडीच्या १२ पट रुंद उतार घासून घ्या. तळ आणि बैठक यांच्या कोपऱ्यात सिलिका घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई द्या आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा पुढे न्या. एकाच रेषेवर सगळे थर संपले तर तिथे तळाला तडा जातो. इपॉक्सीवर मेणचट थर आला असेल तर पुढच्या हाताआधी पाण्याने धुऊन घासा. मास्क आणि हातमोजे विसरू नका, काचेची धूळ वाईट असते.

प्रतिसाद

बोल्टबद्दल थोडं. नवं लाकूड बसल्यावर भोकं मुद्दाम मोठी पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा आणि कडक झाल्यावर मापाचं भोक त्यातच पाडा, म्हणजे बोल्टचा लाकडाला स्पर्शच होत नाही. त्याहून पक्कं हवं असेल तर बैठकीवर स्टीलचा अँगल ठेवून आडवे आरपार बोल्ट मारा. पाण्याच्या भोकांत फायबरची नळी चिकटवून टाका.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. तार आणि फर्मा आधी करतो, मगच इंजिनाला हात लावतो. एक शंका राहिली: उजवीकडे फक्त मागचं टोक खराब असेल तर तेवढंच कापून जोड दिला तर चालेल?

प्रतिसाद

चालेल, पण कुज दिसते तिथेच थांबू नका. कोरडं, घट्ट लाकूड लागल्यावरही थोडं पुढे जाऊन कापा, कारण बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी पुढे सरकलेली असते. जोड सरळ कापाचा नको, तिरपा घ्या. प्लायला जाडीच्या ८ पट लांबीचा, भरीव लाकडाला १२ पट. आणि तो जोड माउंटच्या बोल्टखाली येणार नाही असं बघा.