मदत हवी आहे: विमानाच्या प्रॉपचा (पंख्याचा) पिच, म्हणजे पात्यांचा कोन, दोनदा कमी केला, तरी इंजिनाचे आरपीएम पुरेसे चढत नाहीत

फिनिक्सचा_पक्षी
इथे कुणी लाइट स्पोर्ट विमानवाले आहेत का? इंग्रजीत विचारून झालं, तिघांनी मॅन्युअल वाचायला सांगितलं. म्हणून मातृभाषेत विचारतोय.
फुल थ्रॉटलला आरपीएमचा काटा ४८५० च्या वर जात नव्हता. पाती अर्धा डिग्री फाइन केली, म्हणजे कोन कमी केला, मग आणखी अर्धा. आता ५०५० येतात. पाहिजेत ५२००च्या वर. आणखी किती कमी करू? शनिवारी सकाळी उडायचंय, तेव्हा 'मेकॅनिकला दाखवा' हे उत्तर नको.

सातपुडा
इंजिन कुठलं? प्रॉप कुठला? जमिनीवर की हवेत? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणण्यासारखं झालं हे.

फिनिक्सचा_पक्षी
मला वाटलं ५२०० म्हटल्यावर कळेल. रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० हॉर्सपॉवर. तीन पात्यांचा ग्राउंड ॲडजस्टेबल प्रॉप (पिच फक्त जमिनीवर बदलता येतो). विमान झेनिथ ७०१, हाताने बांधलेलं, मी दुसरा मालक. आकडे जमिनीवरचे, ब्रेक दाबून.

कार्बवाला_काका
कार्ब सिंक करा. दहापैकी नऊ वेळा तेच निघतं. दोन बिंग कार्ब्युरेटर असतात, एक पुढे आणि एक मागे राहिला की इंजिन स्वतःशीच भांडतं. व्हॅक्यूम गेज लावा, आयडलला (इंजिन मंद चालताना) एकदा आणि वरच्या आरपीएमला एकदा. आयडल १४०० च्या खाली ठेवू नका, गिअरबॉक्स खडखडतो. फ्लोट (कार्बमधल्या पेट्रोलवर तरंगणारे तुकडे) काढून सोनाराच्या काट्यावर तोला: एका कार्बचे दोन्ही मिळून ७ ग्रॅमच्या वर गेले तर ते पेट्रोल प्यायलेत, फेका.

सातपुडा
काका, प्रत्येक धाग्यावर तुमचं हेच. फ्लोट जड झाले तर इंजिन श्रीमंत चालेल (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), धडधडेल. तो म्हणतोय का तसं?

कार्बवाला_काका
तो काहीच म्हणत नाहीये, म्हणून तर सगळं सांगतोय.

कामशेतचा_वारा
दादा, मी पॅरामोटरवाला आहे, तिथेही हाच अनुभव. आणखी एक डिग्री उतरवा, विषय संपला. एका डिग्रीला दोनेकशे आरपीएम धरून चला. उन्हाळ्यात अमेरिकेतल्या तुमच्या फिनिक्सला ४२ डिग्री, हवाच पातळ. पातळ हवेला फाइन पिच.

ओझर_निवृत्त
कामशेतकर, जरा थांबा. पातळ हवेत इंजिनाची ताकद घटते हे खरं, पण पात्यांना होणारा विरोधही घटतो. स्टॅटिक (विमान जागेवर उभं असतानाचा) आरपीएम उन्हाळ्यात चारशेने कोसळत नाही. विमान उशिरा उचलतं ते वेगळं.
धागाकर्त्याला चार प्रश्न. (मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, ओझरला बावीस वर्षं काढली. प्रश्न विचारायची खोड जात नाही.) पहिला: पिच कशाने मोजला आणि पात्यावर कुठे? दुसरा: लेव्हल उड्डाणात फुल थ्रॉटलला काटा किती? तिसरा: धावपट्टी पूर्वीपेक्षा जास्त लागते का? चौथा: हे कधी सुरू झालं आणि त्याआधी विमानाला हात कशाला लागला होता?

मालवणी_होडी
आमच्या होडीच्या आउटबोर्ड इंजिनाला पिच इंचात असतो. एक इंच कमी केला की दीड-दोनशे आरपीएम वाढतात. पण आधी पंख्याला जाळं अडकलंय का बघा.

फिनिक्सचा_पक्षी
जाळं नाही हो 😀
१) डिजिटल अँगल गेज, टोकाजवळ. २) लेव्हलला ५४८०. ३) धावपट्टी तेवढीच लागते, उलट परवा जरा लवकरच उचललं. क्रूझचा (नेहमीच्या सरळ उड्डाणाचा) वेग मात्र पिच बदलल्यापासून पाच-सहा मैलांनी घटलाय. ४) फेब्रुवारीपासून. काही केलं नाही, नेहमीचं. तेल, फिल्टर, प्लग.

ओझर_निवृत्त
"टोकाजवळ" म्हणजे कुठे? पातं मुळाशी जास्त वळलेलं असतं आणि टोकाकडे सपाट होत जातं. बोटभर आत-बाहेर सरकलात की कोन बदलला. टोकापासून अंतर मोजून तिन्ही पात्यांवर चिकटपट्टी लावा. मोजायचं पातं दर वेळी एकाच बाजूला आडवं आणा आणि गेज तिथेच ठेवा. तिन्हींत फरक एक-दोन दशांश डिग्रीच्या आत हवा, नाहीतर थरथर. बोल्ट प्रॉपच्या निर्मात्याने दिलेल्या टॉर्कलाच (तेवढ्याच जोराने) आवळा. आणि हात लावायच्या आधी दोन्ही इग्निशन स्विच बंद, तरीही प्रॉप जिवंत समजा. अर्थिंगची एक वायर तुटली की बंद स्विचला काही अर्थ नसतो.
तुमच्या तिसऱ्या उत्तराने मी चक्रावलोय. ताकद नाही म्हणता, पण विमान लवकर उचलतंय. इंजिन आजारी वाटत नाही मला.

ई२०_ग्रस्त
पेट्रोल कुठलं टाकता? इथे ई-२० मुळे माझ्या ॲक्टिव्हाचं ॲव्हरेज पार गेलं.

फिनिक्सचा_पक्षी
पंपावरचं ९१ ऑक्टेन, त्यात दहा टक्के इथेनॉल. रोटॅक्सला तेवढं चालतं.

कार्बवाला_काका
बरोबर. हंड्रेड लो-लेड (शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल) टाकत असाल तर मात्र तेल १०० ऐवजी ५० तासांनी बदला, शिशाचा गाळ साचतो. आणि तेलाची पातळी बघण्याआधी प्रॉप हाताने फिरवून टाकीतून गुडगुड आवाज येऊ द्या. न करता डिपस्टिक बघणारे खूप आहेत.

सातपुडा
काका, तेलाबद्दल कुणी विचारलंय?

गगनभरारी
विमान म्हटलं की आपल्या शिवकर बापूजी तळपदेंची आठवण काढायलाच हवी. १८९५, गिरगाव चौपाटी, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी!

सातपुडा
आलं. त्या उड्डाणाचा त्या काळातला पुरावा दाखवा, मग वेगळा धागा काढा. ज्या संस्कृत ग्रंथाचा आधार सांगतात, त्यातली विमानं उडू शकत नाहीत हे बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या लोकांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलंय. इथे माणसाला शनिवारी उडायचंय.

ओझर_निवृत्त
फिनिक्सकर, चौथ्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा द्या. फेब्रुवारीत पॅनेल उघडलं होतं का?

फिनिक्सचा_पक्षी
हो, जुन्या टॅकोमीटरची (आरपीएम दाखवणाऱ्या यंत्राची) काच धुरकट झाली होती, म्हणून मित्राकडचा एक बसवला. पण तो व्यवस्थित चालतो, काटा अजिबात थरथरत नाही.

सातपुडा
🤦 हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं राव.

ओझर_निवृत्त
काटा थरथरत नाही म्हणजे तो खरं बोलतो असं नाही. एअरोमॉडेलिंगवाल्यांकडे ऑप्टिकल टॅको असतो, समोरून जाणारी पाती उजेडावरून मोजून आरपीएम सांगणारा, तो मिळवा. कॉकपिटमधून, काचेतूनच मोजा. प्रॉपच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. येणारा आकडा प्रॉपचा असेल. यूएलएसच्या गिअरबॉक्समध्ये ५१ आणि २१ दात, म्हणून २.४३ ने गुणा. तोवर पिचला हात लावू नका.

कामशेतचा_वारा
एवढ्या वेळात माझी डिग्री उतरवून झाली असती.

फिनिक्सचा_पक्षी
क्लबमधल्या एकाकडून आणला. पहाटे मोजलं. प्रॉप ३३४५ दाखवतोय! गुणिले २.४३ म्हणजे ८१००. पॅनेलवर तेव्हा ५०५०. हे यंत्रच भंगार आहे.

बाल्सा_आणि_डिंक
भंगार नाही, सेटिंग दोन पात्यांवर आहे. तुमची तीन. ३३४५ गुणिले २ भागिले ३ = २२३०. यंत्राची खात्री करायची तर जुन्या ट्यूबलाइटकडे धरा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, ट्यूब सेकंदाला त्याच्या दुप्पट वेळा लुकलुकते, म्हणून दोन पात्यांच्या सेटिंगला ३६०० यायला हवेत. आपल्याकडे ३०००. एलईडीवर भरवसा ठेवू नका.

ओझर_निवृत्त
२२३० गुणिले २.४३ म्हणजे सुमारे ५४२०. तुमचा काटा साडेतीनशेहून जास्त कमी दाखवतोय, सात टक्के.
आता मागे जा. सुरुवातीचे ४८५० म्हणजे खरे ५२००. तुमचा पिच पहिल्या दिवशी बरोबर होता. आणि लेव्हलला दिसलेले ५४८० म्हणजे खरे ५८८० च्या आसपास. या इंजिनाची मर्यादा ५८००, तीही पाच मिनिटं. सलग चालवायला ५५००. किती वेळ होतात तिथे?

फिनिक्सचा_पक्षी
ट्यूबलाइटवर ३६०० आले.
दोन फेऱ्या मारल्या होत्या, फुल थ्रॉटलला एक-दोन मिनिटं असेन. पण क्रूझही काट्यावरचे ५२०० धरून करत होतो, म्हणजे खरे ५५८०. छातीत धस्स झालं.

कामशेतचा_वारा
माझी डिग्री मागे घेतो.

कार्बवाला_काका
मॅन्युअलात ओव्हरस्पीडचं (मर्यादेपलीकडच्या आरपीएमचं) वेगळं प्रकरण आहे. आरपीएम किती आणि वेळ किती, त्यावर तपासणी ठरते. ते वाचा, नोंद लॉगबुकात करा. मॅग्नेटिक प्लग (तेलातले लोखंडी कण धरणारा) काढून बघा. आणि आता कार्ब सिंक करूनच टाका.

फिनिक्सचा_पक्षी
शनिवार हुकला. अपडेट देतो.
पाती एक डिग्री परत घेतली, या वेळी टोकापासून चार इंचांवर पट्टी लावून. एक पातं दुसऱ्यापेक्षा ०.४ ने वेगळं निघालं, ही माझीच कामगिरी. आता तिन्ही सारखी. ऑप्टिकलवर प्रॉप २१४५, म्हणजे इंजिन ५२१०. मॅग्नेटिक प्लगवर करडी बारीक पेस्ट, कण एकही नाही. ओव्हरस्पीडच्या प्रकरणात सांगितलेली तपासणी केली, लॉगबुकात लिहिली. धुरकट काचेचा जुना टॅको परत बसवला, तो ऑप्टिकलशी वीस-तीसच्या फरकाने जुळतो. मित्राला त्याचा परत दिला. तो म्हणे, "अरे, म्हणूनच काढला होता मी."
काका, सिंकही केलं. थोडं बाहेर होतं.

कार्बवाला_काका
मी काय म्हणत होतो!

मालवणी_होडी
तो ऑप्टिकल टॅको होडीला चालेल काय? केवढ्याला येतो?

बाल्सा_आणि_डिंक
पंखा पाण्याखाली, दिसणार कसा? फ्लायव्हीलवर चमकत्या टेपचा एक तुकडा लावा आणि वरचं कव्हर काढून मोजा. हात आणि सदरा लांब. दोन पात्यांचं सेटिंग असेल तर आकडा दुप्पट करा, कारण टेप एकच आहे. किंमत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.